वखारींतलें नवें बिऱ्हाड

कोंकणांतील माणसाला रिकाम्या घराचा मृत्यु कसा येतो हें निराळें सांगावें लागत नाहीं. मालक मुंबईस गेला, म्हातारीं माणसें एकामागून एक निघून गेलीं, दाराला कुलूप लागलें, कीं पहिल्याच पावसाळ्यांत एखादें कौल सरकतें. दुसऱ्या पावसाळ्यांत त्या फटींतून ठिबकणारें पाणी वांशाला कुजवितें, तिसऱ्यांत वाळवी आढ्यापर्यंत चढते, आणि मग एके रात्रीं कोणाला न सांगतां छप्पर खालीं बसतें. जांभ्याच्या भिंती तेवढ्या पुष्कळ दिवस उभ्या राहतात व त्यांच्यावर शेवाळ आणि पिंपळ यांचें राज्य सुरू होतें. घर पाडावयास कुदळच लागते असें नाहीं; नुसतें कुलूपही पुरतें.

जुन्या वास्तूंचें काय करावें हा प्रश्न निघाला म्हणजे बहुधा दोन पक्ष उभे राहतात. एक म्हणतो, काळ बदलला, गरजा बदलल्या; जुनें पाडावें आणि त्या जागीं नवें बांधावें. दुसरा म्हणतो, जुनें तें पूज्य. त्याच्याभोंवतीं कुंपण घालावें, दारावर पाटी लावावी आणि येणाऱ्याजाणाऱ्यानें तें बाहेरून पाहावें. पहिला पक्ष घराचा देह नाहींसा करतो, आणि दुसरा देह राखून प्राण दवडतो. या दोहोंहून निराळा असा एक तिसरा मार्ग आहे. तो म्हणजे जुन्या घराला नवें काम देणें. हा मार्ग किती फलदायी आहे आणि त्यांत धोके कोणते आहेत, हें पाहावयाचें तर कोंकणच्याच किनाऱ्यानें गोवा, कारवार, मंगळूर असें दक्षिणेस उतरत कोचीपर्यंत जावें. जांभा तोच, कौलारू छप्पर तेंच, आणि जून महिन्यांत कोसळणारा पाऊसही तोच. तेथील ओस पडलेल्या वखारी व बंगले यांची दारें १२ डिसेंबर २०१२ रोजीं चित्रकार आणि शिल्पकार यांच्यासाठीं उघडलीं गेलीं, आणि ज्या नगराचें नांव मिऱ्यांमुळें जगाला ठाऊक होतें तें कलेमुळेंही ठाऊक झालें.

कोचीचा जन्मच मुळीं पाण्याच्या लहरीनें झाला असें मानतात. पेरियार नदीला १३४१ सालीं महापूर आला, मुझिरिस हें प्राचीन बंदर गाळानें बुजलें आणि दक्षिणेस कोचीपाशीं खाडीचें मुख जहाजांना सोयीचें झालें, अशी परंपरागत समजूत आहे. मुझिरिस म्हणजे तेंच बंदर, कीं जेथें रोमन व्यापारी सोनें ओतीत आणि मिरीं भरून नेत. कोचीच्या उत्तरेस पट्टणम् नांवाच्या गांवीं २००७ सालापासून जें उत्खनन झालें, त्यांत भूमध्य समुद्राकडील मद्यकुंभांचे असंख्य तुकडे सांपडले; पुष्कळ संशोधक तेंच स्थान मुझिरिस होय असें मानतात. तें कांहीं असो. बंदर बुजलें तरी मिऱ्यांची ओढ बुजली नाहीं. ती कोचीकडे वळली.

त्या ओढीनें पोर्तुगीज १५०० सालीं कोचीस आले आणि १५०३ सालीं त्यांनीं तेथें किल्ला बांधला. वास्को द गामा २४ डिसेंबर १५२४ रोजीं कोचीसच वारला. १५३९ सालीं त्याच्या अस्थि स्वदेशीं नेल्या, तरी त्याच्या थडग्याची शिळा सेंट फ्रान्सिसच्या देवळांत अद्याप दाखवितात. १६६३ सालीं डचांनीं, म्हणजे मराठी बखरींत ज्यांना वलंदेज म्हटलें आहे त्यांनीं, पोर्तुगीजांस हुसकावून लाविलें. १७९५ सालीं इंग्रजांनीं डचांस. या प्रत्येक सत्तांतरांत मागल्या धन्याच्या इमारतींवर नव्या धन्याची कुऱ्हाड पडली. डचांनीं पोर्तुगीजांचा विस्तीर्ण किल्ला तोडून आटोपशीर केला. इंग्रजांनीं १८०६ सालीं तो किल्ला आणि त्याबरोबर आंतील अनेक इमारती उडवून दिल्या. जें वांचलें तें सौंदर्यामुळें वांचलें असें म्हणतां येत नाहीं. ज्यांचा कांहीं उपयोग होता अशीं घरें बहुतेक राहिलीं. किल्ल्याचा उपयोग संपला, तो गेला. कोचीच्या वास्तूंचा हा पहिला धडा पुढील सर्व हकीकतीस लागू पडतो.

जीं घरें राहिलीं त्यांपैकीं एक परेड मैदानासमोर आहे. त्याचें आजचें नांव डेव्हिड हॉल. डच कंपनीनें १६९५ च्या सुमारास बांधलेलें हें घर मागाहून एका यहुदी व्यापाऱ्याकडे आलें आणि त्याच्या नांवानें ओळखलें जाऊं लागलें. जाड भिंती, उतरतें कौलारू छप्पर आणि वर उघडी दिसणारी लांकडी तुळयांची रचना असें त्याचें साधेंच रूप आहे. या घराशीं हेन्ड्रिक व्हान ऱ्हीड या डच अधिकाऱ्याचें नांव जोडण्याचा प्रघात आहे. तो १६७० पासून कांहीं वर्षें मलबारचा कमांडर होता, आणि मलबारच्या वनस्पतींवरील ‘हॉर्टस् मलबारिकस’ हा बारा खंडांचा प्रचंड ग्रंथ त्याच्याच खटपटीनें १६७८ ते १६९३ या काळांत आम्स्टरडॅमला छापून निघाला. पण इतिहास काटेकोर असतो. व्हान ऱ्हीड १६९१ च्या डिसेंबरांत सुरतेच्या वाटेवर समुद्रांतच वारला व सुरतेस पुरला गेला. तेव्हां घराचा काळ खरा असेल तर त्या घरांत तो राहिला असणें शक्य नाहीं. त्याचें नांव घराला चिकटलें तें लोकांच्या कृतज्ञ स्मृतीमुळें; आणि अशी स्मृति कागदाइतकी बिनचूक नसली तरी अगदींच निरर्थकही नसते.

मराठी वाचकाला या ग्रंथाविषयीं विशेष आपुलकी वाटावी असें एक कारण आहे. वनस्पतींची माहिती देणाऱ्यांत इट्टि अच्युतन् नांवाचा मलयाळी वैद्य होता, त्याचप्रमाणें रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोंकणी वैद्यही होते. पोर्तुगीजांच्या धर्मच्छळाला कंटाळून जीं सारस्वत कुटुंबें गोवा सोडून दक्षिणेस गेलीं, त्यांच्यापैकीं कित्येक कोचीच्या राजाच्या आश्रयानें तेथें स्थिरावलीं होतीं. या तीन वैद्यांनीं १६७५ च्या एप्रिल महिन्यांत आपल्या कामाचें जें निवेदन लिहून दिलें, तें नागरी लिपींत व कोंकणी भाषेंत आहे, आणि ग्रंथाच्या पहिल्या खंडांत तें जसेंच्या तसें उमटविलें आहे. छापील पुस्तकांत नागरी अक्षरें दिसण्याच्या अगदीं आरंभीच्या उदाहरणांपैकीं हें एक होय. घरदार टाकून आलेल्या माणसांची विद्या परक्या नगरांतील परक्या धन्याच्या ग्रंथांत अशी टिकून राहिली. डेव्हिड हॉलची दुरुस्ती होऊन आज तेथें चित्रांचीं प्रदर्शनें भरतात. घराच्या नांवांत यहुदी, बांधणींत डच आणि आठवणींत कोंकणी असा हा तिपेडी पीळ आहे.

परंतु कोचीच्या नव्या कीर्तीचें मुख्य पीठ हें घर नव्हे. तें आहे खाडीच्या कांठच्या वखारी. त्यांतील सर्वांत विस्तीर्ण वास्तूस ॲस्पिनवॉल हाउस म्हणतात. जॉन ॲस्पिनवॉल या इंग्रज व्यापाऱ्यानें १८६७ सालीं येथें आपली पेढी घातली. मिरीं, खोबरेल, इमारती लांकूड, गवती चहाचें तेल, सुंठ, हळद, कातडीं, आणि पुढें काथ्या, कॉफी, चहा व रबर असा तिचा पसारा होता. एकाच आवारांत कचेऱ्या, राहता बंगला, मालाचीं गोदामें आणि खाडीवरचा धक्का. अशा वखारीची रचना पाहिली तर तींत शोभेचा भाग थोडा व व्यवहाराचा फार. भिंती जाड, कारण आंतला माल दमट हवेंत बुरसतां कामा नये. झरोके उंच, कारण हवा खेळावी पण पावसाची झड आंत येऊं नये. दरवाजे रुंद, कारण पाठीवर पोतें घेतलेला माणूस कोठें अडखळतां कामा नये. एक तोंड रस्त्याकडे, दुसरें पाण्याकडे. माल रस्त्यानें आंत यावा, वाळावा, निवडला जावा, तोलला जावा आणि पाण्याच्या बाजूनें बाहेर पडावा. जवळच असलेल्या ‘पेपर हाउस’ नांवाच्या वखारीची मांडणी अशीच आहे: एक इमारत रस्त्यावर, एक पाण्यावर, आणि दोहोंमध्यें मोठें अंगण.

या वखारींचें जीवित कांहीं निर्वेध नव्हतें. ४ जानेवारी १८८९ रोजीं धक्क्याला लागलेल्या एका जहाजानें पेट घेतला. तें सोडून दिलें तेव्हां वाऱ्यानें तें किनाऱ्याकिनाऱ्यानें वाहत गेलें आणि वखारीमागून वखार पेटत गेली. पण लोकांनीं त्या पुन्हा उभारल्या. कारण बाजार उभा होता, मालाला गिऱ्हाईक होतें. आगीनें जें साधलें नाहीं तें पुढें चाळीस वर्षांनीं एका इंजिनियरच्या कर्तबगारीनें साधलें.

कोचीच्या खाडीच्या तोंडाशीं वाळूचा एक मोठा दांडा आडवा पसरलेला होता. त्यामुळें मोठीं जहाजें आंत येऊं शकत नसत. तीं बाहेर समुद्रांत नांगर टाकीत आणि वखारींच्या धक्क्यांवरून पडाव माल घेऊन त्यांच्यापर्यंत जात. पावसाळ्यांत तर हा व्यवहारच थंड पडे. रॉबर्ट ब्रिस्टो हा इंग्रज इंजिनियर १९२० सालीं कोचीस आला. त्यानें तो दांडा कापला, खोल मार्ग पाडला, आणि १९२८ च्या मे महिन्यांत पहिली आगबोट खाडीच्या आंत येऊन उभी राहिली. उपसलेल्या गाळाचें त्यानें एक बेटच बनविलें. सुमारें ७८० एकरांचें हें विलिंग्डन बेट होय. जहाजें आतां थेट या बेटाच्या धक्क्याला लागूं लागलीं. जवळ यारी, जवळ आगगाडी, जवळ नवीं गोदामें! मग समोरच्या किनाऱ्यावरील जुन्या धक्क्यावरून पडाव भरण्याचें कारण काय उरलें? व्यापार मेला नाहीं. तो खाडी ओलांडून पलीकडे राहावयास गेला. पुढें मालाच्या पेट्यांचें युग आलें आणि २०११ सालीं वल्लारपाडम् बेटावर नवें बंदर सुरू झालें, तेव्हां मिऱ्यांचा वास येणाऱ्या वखारींचें प्रयोजन आणखीच दूर गेलें.

येथें एक चमत्कारिक गोष्ट ध्यानांत येते. मुंबईसारख्या नगरांत धंदा हलला कीं जमीन तत्काळ विकली जाते आणि जुनी इमारत धुळीस मिळते. कोचीच्या या भागांत तसें झालें नाहीं. निदान लवकर झालें नाहीं. व्यापाराचा ओघ दुसरीकडे वळल्यामुळें या बाजूच्या जमिनीची निकडच संपली. वखारी कोणी पाडल्या नाहींत, कारण त्या पाडण्याइतक्याही कोणाला महत्त्वाच्या वाटत नव्हत्या. उपेक्षेनें त्यांना मारावयास सुरुवात केली होती आणि उपेक्षेनेंच त्यांना तोंवर राखलेंही होतें. मात्र उपेक्षेचें हें दान फार दिवस पुरत नाहीं. वाळवी आणि पाऊस यांना इतिहासाची भीड नसते.

अशा वेळीं कलेचें बिऱ्हाड तेथें आलें. बोस कृष्णम्माचारी आणि रियास कोमू हे दोघे चित्रकार मूळचे केरळचे. पण त्यांचें शिक्षण मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्यें झालें व त्यांनीं कर्मभूमि म्हणूनही मुंबईच पत्करली. केरळ सरकारच्या साहाय्यानें त्यांनीं ‘कोची-मुझिरिस बिएनाले’ या नांवाचें, दर दोन वर्षांनीं भरावयाचें, जगांतील कलाकारांचें संमेलन योजिलें. नांवांत जुन्या बुजलेल्या बंदराची आठवण मुद्दाम ठेविली होती. मुंबईच्या कलाशाळेचा धागा पुढेंही तुटला नाहीं. २०१४ च्या दुसऱ्या संमेलनाची योजना जितीश कल्लाट यांनीं केली आणि २०१६ च्या तिसऱ्याची सुदर्शन शेट्टी यांनीं, दोघेही जे. जे. चेच विद्यार्थी. २०१८ मध्यें अनिता दुबे यांच्या रूपानें हें काम प्रथमच एका स्त्रीकडे आलें.

चित्रें टांगण्यासाठीं स्वच्छ, पांढरीं, थंडगार दालनें बांधणें कठीण नव्हतें. कठीण होतें तें पडक्या वखारी माणसांना पाय ठेवण्याजोग्या करणें. येथें जीर्णोद्धाराची एक मर्यादा ध्यानांत ठेवावी लागते. जांभ्याची भिंत श्वास घेते; ती ओलावा शोषते आणि उन्हाळ्यांत तो सोडून देते. तिच्यावर चुन्याचा गिलावा असेल तर हा व्यवहार बिनबोभाट चालतो. उत्साहाच्या भरांत कोणीं सिमेंट थापलें तर ओल आंतल्या आंत कोंडते, क्षार फुगतात आणि दगडच भुकटी होऊन गळूं लागतो. म्हणून अशा घरांची उत्तम दुरुस्ती ती, कीं जी पाहुण्याच्या डोळ्यांत भरत नाहीं: छप्पर गळूं नये, तुळई वांकूं नये, जमीन खचूं नये; बाकी भिंतीवरचे जुने डाग, पोत्यांच्या घर्षणानें झिजलेले कोपरे, पुसट झालेले आंकडे आहेत तसे राहूं द्यावे. वखारींच्या बाबतींत बऱ्याच अंशीं हेंच धोरण दिसतें. खाडीपलीकडे एर्नाकुलम् येथें कोचीच्या महाराजांनीं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बांधलेला दरबार हॉलही या निमित्तानें दुरुस्त होऊन कलादालन म्हणून सजला. पण तो राजाचा दिवाणखाना होता, त्याला नटणें शोभतें. वखारीला शोभतो तो साधेपणा.

आणि कलाकारांनीं त्या साधेपणाचा मान राखला, हें या हकीकतींतील सर्वांत समाधानाचें. पहिल्याच वर्षीं शीला गौडा व क्रिस्तोफ श्टोर्झ यांनीं ॲस्पिनवॉलच्या आवारांत १७० दगडी रगडे आणि पाटे मांडले. कर्नाटकांतील जुनीं घरें पाडलीं गेलीं किंवा स्वयंपाकघरांत विजेचीं यंत्रें आलीं, तेव्हां हे अवजड दगड रस्त्याच्या कडेला टाकून दिले गेले होते. पिढ्यान् पिढ्या ज्यांच्यावर मसाला वाटला गेला ते दगड, ज्या वखारींतून पिढ्यान् पिढ्या मसाला देशोदेशीं गेला तिच्या धक्क्यापाशीं येऊन थांबले. दोघेही बेकार; दोघांच्याही अंगाला कधीं काळीं तोच वास येत असे. विवान सुंदरम् यांनीं पट्टणम्‌च्या उत्खननांतील टाकाऊ खापरांचें एक नगर उभें केलें व त्यांत मिऱ्यांचा खेळ मांडला. कृतीला नांव दिलें ‘काळें सोनें’. २०१४ मध्यें अनीश कपूर यांनीं समुद्राकडे तोंड असलेल्या एका खोलीच्या जमिनींत घुमणाऱ्या काळ्या पाण्याचा भोंवरा निर्माण केला. त्या खोलीत उभें राहिलें कीं खिडकींतून शांत खाडी दिसे आणि पायांशीं तीच खाडी गर्जत पाताळांत जात आहे असा भास होई.

पण वखारीचा अर्थ ज्याला पुरता उमगला होता असा कलाकार म्हणजे चिली देशाचा वृद्ध कवि राउल सुरिता. २०१६ मध्यें त्यानें एका लांबलचक गोदामांत समुद्राचें पाणीच भरलें. प्रेक्षकानें त्या पाण्यांतून चालत जावयाचें व पलीकडच्या भिंतीवर लिहिलेल्या ओळी वाचावयाच्या. ही रचना त्यानें गालिप कुर्दी या पांच वर्षांच्या सिरियन मुलाच्या स्मृतीस वाहिली होती. २०१५ सालीं निर्वासितांच्या नावेंतून जातांना हा मुलगा बुडाला; त्याचा धाकटा भाऊ आलान याचें किनाऱ्यावर पडलेल्या अवस्थेंतील छायाचित्र जगानें पाहिलें, पण गालिपचें तसें छायाचित्र कोणीं पाहिलें नाहीं. जी वखार पाणी बाहेर ठेवण्यासाठीं बांधली होती तिच्यांत पाणी आलें, आणि जो समुद्र धनाचा रस्ता म्हणून तिला ठाऊक होता तो दुःखाचा रस्ता म्हणून आंत शिरला. पांढऱ्या भिंतींच्या नव्या दालनांत हेंच पाणी भरलें असतें तर तें केवळ पाणी राहिलें असतें. येथें घरानेंच अर्ध्या कवितेचें काम केलें.

याला जोड म्हणून व्हेनिसचें स्मरण होतें. दर दोन वर्षांनीं भरणाऱ्या कलासंमेलनाचा पायंडा व्हेनिसनें १८९५ सालीं पाडला, आणि १९८० सालापासून तेथील जुन्या आरमारी गोदींतील दोरखंड वळण्याची अवाढव्य शाळाही प्रदर्शनांसाठीं उघडण्यांत आली. एके काळीं युरोपांत मिरीं विकण्याचा मक्ता व्हेनिसचा होता. पोर्तुगीजांनीं मलबारची जलवाट शोधली त्यामुळें त्या मक्त्याला धक्का बसला. म्हणजे ज्या व्यापारानें कोचीला वर आणलें त्यानेंच व्हेनिसला खालीं ओढलें. आज त्या व्यापाराच्या दोन्ही टोकांवरचीं नगरें, एक दोरखंडाच्या कारखान्यांत आणि दुसरें काथ्याच्या वखारींत, चित्रें मांडून बसलीं आहेत. इतिहासाच्या पोटांत असे विनोद पुष्कळ असतात.

एवढ्यानें सर्व कांहीं साधलें असें मात्र मानूं नये. या प्रयोगावर घेतले जाणारे आक्षेप क्षुल्लक नाहींत. पहिला आक्षेप असा, कीं पडक्या भिंतीचें सौंदर्य हें बघ्याला सुचतें. त्या भिंतीआड राबलेल्याला सुचत नाहीं. तो खरा आहे. वखारींचा इतिहास केवळ ॲस्पिनवॉलचा नव्हे. मट्टांचेरीच्या बंदरावर ‘चाप्पा’ नांवाची एक रीत होती. सकाळीं कामासाठीं जमलेल्या हमालांच्या घोळक्यावर मुकादम धातूचे बिल्ले फेंकी, आणि ज्याच्या हातीं बिल्ला लागेल त्याला त्या दिवसाचें काम मिळे. एका बिल्ल्यासाठीं माणसें एकमेकांच्या अंगावर पडत. या अमानुष रीतीविरुद्ध कामगारांनीं लढा उभारला आणि १५ सप्टेंबर १९५३ रोजीं मट्टांचेरीस त्यांच्यावर गोळीबार होऊन माणसें ठार झालीं. ज्या दगडी उंबऱ्यांवरून आज रसिक सावकाश पाऊल टाकतात ते या माणसांच्या पायांनीं झिजलेले आहेत. वखारीचें नवें जीवन तिच्या जुन्या घामाची नोंद ठेवीत नसेल तर तें अर्धवटच म्हटलें पाहिजे. समाधान इतकेंच, कीं पहिल्या संमेलनाला येणाऱ्यांत हमालांचीं, कोळ्यांचीं आणि रिक्षावाल्यांचीं कुटुंबें होतीं, आणि ज्या फाटकांतून पूर्वीं केवळ पाठीवर ओझें घेऊन जातां येत असे त्यांतून तीं मोकळ्या हातांनीं आंत गेलीं.

दुसरा आक्षेप याहून कठीण. कलेचें येथील बिऱ्हाड हें शेवटीं बिऱ्हाडच आहे. कांहीं वास्तु खासगी मालकीच्या, कांहीं सरकारी. संमेलन तीन-चार महिन्यांचें. डिसेंबरांत दारें उघडतात, मार्च-एप्रिलांत बंद होतात, आणि त्यानंतर दोन महिन्यांत पाऊस येतो. मग पुढचे पावसाळे छपरावर कोण चढणार? २०१८ च्या ऑगस्टांत केरळावर महापुराचें संकट कोसळलें, तरी त्या वर्षींचें संमेलन ठरल्या दिवशीं भरलें. पण २०२० चें संमेलन महामारीमुळें भरूं शकलें नाहीं. तें २०२२ पर्यंत लांबलें, आणि त्या वर्षींही उद्घाटनाचा दिवस १२ डिसेंबरवरून २३ डिसेंबरपर्यंत पुढें ढकलावा लागला. चार वर्षें खंड पडला म्हणजे वास्तूवर चार पावसाळे गेले. पाहुण्यांची वाट पाहण्यांत घराचें वय थांबत नाहीं.

या आक्षेपास उत्तर त्याच किनाऱ्यावर सांपडतें. पेपर हाउसमध्यें केवळ संमेलनापुरता गजबजाट न ठेवतां एक ग्रंथालय आणि कलाकारांनीं येऊन राहावें, काम करावें अशा खोल्या केल्या गेल्या. डेव्हिड हॉलमध्यें एरवींही प्रदर्शनें होतात. म्हणजे कोणी तरी सकाळीं दार उघडतें, कोणी तरी केर काढतें, कोणाच्या तरी अंगावर गळक्या कौलाचा पहिला थेंब पडतो आणि तो वर पाहतो. घर जगतें तें या वर पाहणाऱ्या माणसामुळें. उत्सव घराला कीर्ति देतो. रोजचा वावर त्याला आयुष्य देतो. ज्यांना जुन्या घरांत कला आणावयाची आहे त्यांनीं उद्घाटनाच्या खर्चाआधीं शाकारणीच्या खर्चाची तरतूद करावी, हा कोचीचा खरा धडा होय.

२०२५ च्या डिसेंबरांत सुरू झालेल्या सहाव्या संमेलनाची योजना गोव्यांतील एका कलाकारगटाकडे होती. साडेतीनशें वर्षांपूर्वीं गोव्याकडच्या कुळांतील तीन वैद्य आपल्या नागरी अक्षरांसह कोचीच्या ज्ञानकार्यांत सामील झाले होते. आतां गोव्यांतील कलाकार त्याच नगराच्या कलाकार्यांत सामील झाले. मधल्या काळांत किल्ले गेले, धनी गेले, बंदर पलीकडे गेलें. राहिलीं तीं कांहीं घरें. आणि तीं राहिलीं, कारण दर वेळीं त्यांना कोणी तरी नवें काम दिलें.

कोंकणपट्टींत आज जीं कुलुपें लागलेलीं आहेत त्यांना हें सांगण्यासारखें आहे. प्रत्येक घराचें कलादालन होणार नाहीं, आणि व्हावें असेंही नाहीं. एखाद्याची शाळा होईल, एखाद्याचें ग्रंथालय, एखाद्यांत गांवची भजनी मंडळी बसेल. पण किल्ली कोणाच्या तरी हातीं पडली पाहिजे, आणि ती मृगाच्या आधीं पडली पाहिजे.